डायपर उघडून पाहा

बाळ जन्माला आलं की आपल्याकडे चौकशांचा क्रम ठरलेला असतो. मुलगा की मुलगी, वजन किती, रंग कुणाचा, नाक कुणासारखं. नाकावरून तर बाळंतिणीच्या खाटेशेजारीच सासर-माहेरचे उघड दोन पक्ष पडतात. हातापायांची बोटं मोजून होतात, कानाची पाळी ओढून होते, अंगावरची जन्मखूण सापडते आणि ती कुठल्या पणजोबांना होती तेही सापडतं. बाळाला पालथं करून त्याच्या ढुंगणाकडे मात्र कुणी बघत नाही. शीची जागा असणारच, त्यात काय बघायचं?

काही बाळांना ती नसते. पाच हजारांत साधारण एकाला, असा वैद्यकाच्या पुस्तकांतला हिशोब आहे. महाराष्ट्रात वर्षाला अठरा-वीस लाख बाळं जन्मतात. म्हणजे अशी साडेतीनशे-चारशे बाळं, रोज एक तरी. हॉस्पिटलात याला ‘एआरएम’ म्हणतात. गावात नाव नाही. ‘त्या बाळाला खालून बंद आहे’ असं दबक्या आवाजात सांगतात, तेही घरातले पुरुष बाहेर गेल्यावर.

मी ए.एन.एम. होते. सगळी नोकरी कल्याण-कसारा लाइनच्या अल्याडपल्याडच्या उपकेंद्रांत गेली. आता निवृत्त आहे, खडवलीत राहते, तरी लोक सिस्टर म्हणूनच हाक मारतात आणि आशाताई अडल्या की फोन करतात. माझं म्हणणं सरळ आहे. बाळाला आईच्या कुशीत देण्याआधी, बाळंतपण करणाऱ्याने त्याचे पाय वर उचलून शीची जागा डोळ्यांनी पाहावी, आणि पाहिल्याचं केसपेपरवर स्वतंत्र ओळीत लिहून सही करावी. ‘बाळ नॉर्मल’ एवढ्यावर भागवू नये. याला मशीन लागत नाही, लॅब लागत नाही. उजेड लागतो आणि अर्धा मिनिट.

‘हे सगळे करतातच’ असं मला बऱ्याच डॉक्टरांनी ऐकवलं आहे. करत असतील. पण हिशोब मांडून बघा. एखाद्या ठिकाणी वर्षाला शंभर बाळंतपणं होत असतील, तर तिथल्या सिस्टरला असं बाळ सरासरी पन्नास वर्षांतून एकदा दिसणार. तेवढी कुणाची नोकरीच नसते. जी गोष्ट आयुष्यात एकदाही दिसायची नाही तिच्यासाठी रोज रात्री तीन वाजता, दुसरी बाई टेबलावर कळा देत असताना, कोण आठवणीने बघेल? म्हणून छापील ओळ हवी. रिकामी ओळ डोळ्याला खुपते, ती भरायला तरी हात पाय उचलतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. गाव सांगत नाही, नर्सिंग होमही नाही. नवरा कंपनीत कामाला, बायको शिकलेली, गरोदरपणात सगळ्या सोनोग्राफ्या वेळेवर केलेल्या आणि फाइलला लावलेल्या. खाजगी नर्सिंग होममध्ये मुलगा झाला, दुसऱ्या दिवशी घरी आला. येताना डायपर घालून आला आणि डायपर घालूनच राहिला, कारण आजीला म्हणे दुपटी धुवायला लागू नयेत. मूल दूध ओढेना. पोट टम्म झालं. आजीने गुटी उगाळली. एरंडेलाचं बोटही चाटवायचं ठरलं होतं, कारण ‘शी कोंडलीय’. तिसऱ्या दिवशी आशाताई नवजात बाळाच्या भेटीला गेली. तिने वजन केलं, काखेत थर्मामीटर धरला आणि डायपर उघडला. उघडून तिने मला फोन लावला. “सिस्टर, इथं जागाच नाही हो,” एवढंच म्हणाली. तोवर बाळाने हिरवी उलटी केली होती.

या आशाताईला जन्मापासून बेचाळीस दिवसांत सहा वेळा त्या घरी जायचं असतं. घरीच बाळंतपण झालं असेल तर सात वेळा. या सगळ्या भेटींचे मिळून तिला अडीचशे रुपये मिळतात. घरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतून निघाली. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांच्या हातून ती करून दाखवली, 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते काम छापून आलं, आणि पुढे सरकारने ती देशभर उचलली. त्या दिवशी आमच्याकडे मूल वाचलं ते अडीचशे रुपयांच्या सहाव्या हिश्श्यात. फाइलमधल्या सोनोग्राफ्यांची बेरीज मी केली नाही.

सोनोग्राफीवर बापाचा सगळा राग होता. “पैसे घेतले, मग दिसलं कसं नाही?” त्याला समजावणं मला जड गेलं. हे व्यंग सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसत नाही. पोटातल्या बाळाला शी करायची नसते, त्यामुळे वाट बंद आहे हे कळायला फारसा मार्ग नसतो. फोटो चांगला आला म्हणजे बाळ तपासून झालं, अशी एक समजूत आता खेड्यापाड्यांतही बसली आहे. बाहेर आलेलं मूल हातात घेऊन पाहण्याचं काम त्यामुळे उलट मागे पडलं.

आणि आजीचा राग सुनेवर. ग्रहणात काय चिरलंस, कुठे सुईत दोरा ओवलास? हा प्रश्न मी इतक्या घरांत ऐकला आहे की आता त्याचं उत्तर तोंडपाठ आहे. सुरुवातीला गर्भात शीचा आणि लघवीचा मार्ग एकाच पोकळीत असतो. पुढे मधे पडदा उतरतो आणि दोन वाटा वेगळ्या होतात. हे सगळं गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात उरकतं. पाळी चुकलीय की नुसती लांबलीय याचाच विचार बाई करत असते, तेव्हा हे काम कुठेतरी अर्धवट राहतं. ते का राहतं, याचं एकच एक कारण वैद्यकालाही सापडलेलं नाही. विळी-सुईचा त्याच्याशी काही संबंध नाही, पपईचाही नाही.

काम अर्धवट राहण्याच्याही तऱ्हा आहेत, आणि खरी फसगत तिथे होते. काही बाळांत आतडं आतल्या आत बंद असतं. मुलांत बऱ्याचदा त्याचं टोक लघवीच्या नळीला जाऊन मिळतं, मग दुपट्यावर लघवीबरोबर हिरवट डाग येतो. मुलींत ते फार वेळा पुढे, योनीच्या तोंडाशी उघडतं. म्हणजे मागची जागा कोरी आणि शी पुढून. क्वचित तिन्ही वाटा मिळून एकच भोक असतं. तेव्हा ‘बाळाला शी झाली का?’ एवढं विचारून भागत नाही. काळी शी चोवीस तासांत व्हायला हवी हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ती झाली की सगळे निर्धास्त होतात. पण ती आली कुठून?

भातसा नदीच्या काठाने आमच्याकडे वीटभट्ट्या लागतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिथल्या एका मुलीला अंगणवाडीत वजनाला आणलं होतं. वर्ष उलटलेलं, वजन फारच कमी, पोट पुढे आलेलं. आई म्हणाली, अंगावर पीत होती तोवर बरी होती, भात-भाकर सुरू केल्यापासून कुंथते, रडते.

“शी होते ना?”

“होते की.”

“कुठून होते?”

आई गप्प झाली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, “पुढून, बाई.”

तिला ते पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. एक वर्षभर तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, आणि आपण होऊन सांगायची गोष्ट ही नव्हे, असं तिच्या मनाने घेतलं होतं. अंगावरच्या दुधाची शी पातळ असते, ती अरुंद वाटेनेही निघते. वरचं खाणं सुरू झालं की अडकते. तोवर मूल ‘कुपोषित’ म्हणून नोंदलेलं असतं आणि त्याला खाऊ वाढवून दिलेला असतो. या मुलीला परळच्या हॉस्पिटलात पाठवलं. तिचं पुढे नीट झालं. मात्र अशा मुली सात-आठ वर्षांच्या, वयात आलेल्या, अगदी लग्न ठरल्यावर डॉक्टरांपुढे आलेल्याही आहेत. मुलीची जागा न्याहाळून बघणं हे आपल्याकडे असभ्य. तेल लावताना आजी डोळे मिटल्यासारखा हात फिरवते. मुलग्याचं सगळं अंगणात उघड्यावर आणि मुलीचं सगळं झाकून, याची किंमत मुलीच मोजतात, त्यातली ही एक.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 ला सुरू झाला, तोही आमच्याच ठाणे जिल्ह्यात, पालघरला. पालघर तेव्हा ठाण्यात होतं, वेगळा जिल्हा 2014 साली झाला. त्या कार्यक्रमाच्या मूळ यादीत तीस आजार आहेत आणि त्यांतली नऊ जन्मजात व्यंगं. दुभंगलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, हृदयातलं छिद्र आहे, जन्मजात मोतीबिंदू आणि बहिरेपण आहे. बंद गुदद्वाराचं नाव त्या नवांत नाही. बघू नका असं कार्यक्रम म्हणत नाही. डोक्यापासून पायांपर्यंत बाळ तपासा असंच तो सांगतो. पण प्रशिक्षणाला बसलेली सिस्टर यादी पाठ करते, डोक्यापासून पायांपर्यंत पाठ होत नाही. फाटका ओठ आईला न शिकवता दिसतो, त्याला पोस्टरवर जागा मिळाली. हे झाकलेलं राहतं, म्हणून यालाच पोस्टर हवं होतं.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून लोक चकित होतात. असं बाळ सापडलं तर आकांत करायचा नाही. वेळ असतो. सापडण्याचंच म्हणाल, तर पूर्वी बाळाचा ताप मागूनच बघायचे, त्यामुळे थर्मामीटर शिरला नाही की तिथल्या तिथे कळायचं. आता काखेत बघतात. ते योग्यच आहे, पाऱ्याच्या काचेने इजा व्हायची. पण एक आपसूक होणारी तपासणी त्याबरोबर गेली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही. असो. जागा दिसली नाही तर बाळाला पाजायचं थांबवायचं, गुटी-मध-एरंडेल तर नाहीच नाही. नाकातून पोटात बारीक नळी टाकायची म्हणजे पोटातली हवा आणि पाणी निघत राहतं, सलाइन लावायचं, आणि आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी ऊब देत न्यायचं. 108 ची गाडी येते. गार पडलेलं बाळ टेबलावर टिकत नाही, हे सर्जन सगळ्यात आधी सांगतात.

तिकडे पोचल्यावर घरच्यांची दुसरी तक्रार सुरू होते. “आम्ही पळत आणलं आणि हे नुसते बघत बसलेत!” ते बघतच बसायला हवेत. पहिले वीस-चोवीस तास थांबलं की आतली काळी शी दाबाने खाली सरकते. एखादी बारीक वाट असेल तर तिथे ठिपका उमटतो किंवा लघवीत दिसते, आणि त्यावर ऑपरेशनची दिशा ठरते. ठिपका दिसला नाही तर बाळाला पालथं घालून, ढुंगण उंच करून एक्स-रे काढतात, आतली हवा कातडीच्या किती जवळ आली ते मोजायला. पूर्वी हाच फोटो बाळाला पायांनी उलटं धरून काढायचे, 1930 साली वँगनस्टीन आणि राइस यांनी ती पद्धत काढली होती. या मधल्या वेळात हृदयाचा टूडी इको, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, मणक्याची तपासणी होते, कारण अशा अर्ध्याअधिक बाळांत आणखी कुठेतरी दोष असतो. म्हणजे घाई पोचण्याची करायची, चाकूची नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोचलेल्या बाळाला हा वेळच उरलेला नसतो. आतडं फुटण्याच्या बेतात असतं.

जागा अगदी कातडीजवळ असेल तर एका ऑपरेशनात निभावतं. नसेल तर तीन. आधी पोटावर आतड्याला तोंड करतात, लोक त्याला ‘पिशवीचं ऑपरेशन’ म्हणतात. मग काही महिन्यांनी खरी जागा बनवतात. ती भरली, रुळली की पोटावरचं तोंड बंद करतात. पहिल्याचा इतिहास जुना आहे. फ्रान्समधल्या ब्रेस्ट गावात द्युरे नावाच्या सर्जनने 1793 साली अशाच तीन दिवसांच्या बाळाच्या पोटावर वाट काढली आणि तो मुलगा पंचेचाळीस वर्षं जगला. भूल नाही, अँटिबायोटिक नाही, ही कमाल. दुसऱ्या ऑपरेशनाची आजची पद्धत मेक्सिकोच्या अल्बर्टो पेन्या यांची आहे. त्यांनी पीटर डी व्रीस यांच्याबरोबर 1980 मध्ये ते केलं आणि 1982 मध्ये छापलं. मागून बरोबर मध्यरेषेवर चिरायचं, विजेच्या बारीक झटक्याने स्नायू कुठे आकसतो ते बघायचं आणि आतडं नेमकं त्या स्नायूच्या मधोमध बसवायचं. शीवर ताबा ठेवतो तो हा स्नायू. तो डावलून नुसतं भोक पाडलं तर मूल जन्मभर गळत राहतं. “छोटंसं भोक तर पाडायचंय, जवळच करून घेऊ” म्हणणाऱ्या काकांना मी हे दर वेळी सांगते. हे काम बालशल्यचिकित्सकाचंच, आणि पहिल्यांदा जे होतं तेच सगळ्यात चांगलं होतं. दुरुस्तीत तेवढी गोडी राहत नाही.

आमच्या बाजूने असा डॉक्टर गाठायचा म्हणजे बहुतेकांना मुंबई. परळचं वाडिया, केईएम, नाहीतर शीव. धरणातून भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच्या मागोमाग आमची बाळंही. सत्तरेक किलोमीटर. खडवलीवर गाडी हुकली तर पुढची कधी, हे इथे राहणाऱ्याला विचारा. कसारा लोकल दादरला सोडते, तिथून धीमी पकडून परळ.

पोटावर पिशवी असलेलं मूल घेऊन सकाळच्या लेडीज डब्यात शिरलेली आई मी पाहिली आहे. शिरताना जागा मिळते, मूल लहान म्हणून. कल्याण गेलं, गर्दी दाबली, पिशवीची कड सुटली. वास आला. शेजारची उठली, मग समोरची. डोंबिवलीपर्यंत त्या गच्च डब्यात त्या मायलेकराभोवती मोकळी जागा होती, मुंबईच्या लोकलमध्ये पैसे देऊनही न मिळणारी. कुणी वाईट बोललं नाही, हे मुद्दाम सांगते. एकीने तर अत्तराची कुपी पुढे केली. पण ‘काय झालंय बाळाला?’ हेही कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि त्या डब्यातल्या दोन-चार जणींनी घरी जाऊन नातवाचा डायपर उघडून पाहिला असता.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही ऑपरेशनं बसतात. ही मोठी सोय आहे आणि ती नाकारायचं कारण नाही. पण दोन ऑपरेशनांच्या मधले महिने योजनेत बसत नाहीत. लहान बाळाच्या मापाच्या पिशव्या कल्याणच्याही सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, मिळाल्या तर एकेक शेकड्यांत. भट्टीवरच्या बाईने काय करायचं? ती जुन्या लुगड्याच्या घड्या करते, पोटाला बांधते, दिवसातून कितीदा तरी बदलते, धुते. मी अशा आयांना कापडच शिकवते, लाज वाटू न देता. कातडीला झिंक ऑक्साइडचं मलम, वर मऊ सुती घडी, वरून सैल पट्टा. आतड्याचं तोंड लालबुंद आणि ओलसर असलं तर घाबरायचं नाही, काळं-निळं पडलं किंवा फार बाहेर आलं तर पहिली गाडी पकडायची. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात लहान मापाच्या पिशव्यांचा एक खोका ठेवायला असा कितीसा खर्च येणार आहे? तालुक्यात एका वेळी अशी मुलं असून असून असणार किती?

त्याहून अवघड काम पुढे असतं आणि त्याबद्दल पेपरात कधीच येत नाही. नवी जागा बनवल्यावर ती आकसू नये म्हणून साधारण दोन आठवड्यांनी धातूची गुळगुळीत कांडी घालून ती रुंद करावी लागते. दिवसातून दोनदा, घरीच, महिनोन् महिने, हळूहळू वाढत्या मापाने. मूल किंचाळतं. शेजारी विचारतात, मारताय का त्याला? आजी देवघरात जाऊन बसते. बहुतेक घरांत हे काम आईच्याच गळ्यात पडतं, आणि सगळ्यात आधी बंद पडतं तेही हेच. तो डायपरवाला मुलगा सुदैवी. त्याचा बाप पहिल्या दिवसापासून म्हणाला, “सिस्टर, मला शिकवा, हिचा हात कापतो.” कंपनीत तो मशीनवर बसणारा, मापात चोख. सकाळच्या पाळीला जाताना एकदा आणि आल्यावर एकदा. मी त्या बापाचं कौतुक केलं तर बायको म्हणाली, त्याचंच मूल आहे ना! तिचंही बरोबर होतं.

‘गुंतागुंतीची शस्त्रक्रिया यशस्वी, बालकाला जीवदान’ अशी बातमी अधूनमधून येते, डॉक्टरांच्या फोटोसह. ती यावीच. पण जीवदान मिळालेलं ते मूल सहा वर्षांचं झालं की कसं आहे, हे बघायला कुणी जात नाही. पेन्या यांनी आपल्या शेकडो रुग्णांवरून जो हिशोब मांडला तो असा, की चारातल्या तीन मुलांना आपण होऊन शी करता येते. पण त्या तिघांतल्या निम्म्यांची चड्डी अधूनमधून खराब होते. चौथ्याला ताबा येतच नाही. व्यंग किती खोलवर आहे, मणक्याचं खालचं टोक नीट बनलंय का, यावर ते ठरतं. त्यालाही उपाय आहे. रोज ठरल्या वेळी एनिमा देऊन आतडं रिकामं केलं की पुढचे चोवीस तास मूल कोरडं राहतं, शाळेत जातं, खेळतं. उलट ज्यांचं व्यंग साधं होतं त्यांना पुढे बद्धकोष्ठ छळतं. शी साचते, साचलेल्याच्या कडेने पातळ गळते, आणि घरचे समजतात जुलाब झाले. जुलाबाचं औषध दिलं की आणखी साचतं. हे ओळखायला ज्याने ऑपरेशन केलं त्याच्याकडे वर्षानुवर्षं जायला हवं. पण पोटावरचं तोंड बंद झालं, पेढे वाटले की लोक फाइल माळ्यावर टाकतात. मुलाच्या लग्नाला अडचण येईल म्हणून फाइल जाळून टाकलेलं एक घरही मला ठाऊक आहे.

याबाबतीत मी घरच्यांवर कडक आहे. मुलाला सांगा. चार वर्षांच्या पोराला कळतं की आपल्या पोटावर व्रण आहे आणि भावाच्या नाही. त्याला गोष्ट सांगितली नाही तर तो स्वतः रचतो, आणि त्याने रचलेली गोष्ट आपल्या खऱ्या गोष्टीपेक्षा वाईट असते. मुलगी असेल तर मोठेपणी तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरला हे माहीत असलंच पाहिजे, म्हणजे प्रसूती कशी करायची ते आधी ठरवता येतं. तेव्हा फाइल जाळून चालणार नाही, ती रुखवतात मांडा म्हटलं तरी मी हसणार नाही.

तो डायपरवाला मुलगा यंदा पहिलीत गेला. तल्लख आहे, पाढे घडाघडा म्हणतो. त्याला सकाळी घरी एनिमा देतात, तरी एखाद्या दिवशी गडबड होते. शी आली की त्याला मिनिटभरही थांबता येत नाही. शाळेने आधी दाखला मागितला, तो दिला. मग वर्गशिक्षिका म्हणाल्या, मधल्या सुट्टीतच सगळ्यांनी जायचं असा नियम आहे, एकाला मोकळीक दिली तर बाकीचे उठतील. उठू देत, असं मी म्हटलं. पहिलीतल्या पोराला संडासला जायला परवानगी लागावी हेच मला मुळात पटत नाही. मुलांचा संडास पाण्याअभावी बंद असतो. शिक्षकांचा चालू आहे, त्याला कुलूप, किल्ली शिपाईमावशींकडे आणि मावशी येतात शाळा भरल्यावर अर्ध्या तासाने. मुख्याध्यापिकाबाई भल्या आहेत, दुसरी किल्ली करून घेते म्हणाल्या आहेत. किल्ली मुलाच्या दप्तरात राहील की बाईंच्या टेबलावर, यावर अजून एकमत व्हायचं आहे. मी दप्तराच्या बाजूची आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे.